बिडी-सिगारेट सोडायचं औषध चालू केलंय? मग या चुका टाळा

परभणीत आमचं मेडिकल आहे. सिगारेट सोडायला आलेला माणूस काउंटरवर पहिलं हेच विचारतो, "भाऊ, सगळ्यात पावरफुल कोणतं हाय ते द्या." तर ते आधीच सांगून टाकतो. कोक्रेन नावाची संस्था जगभरातले अभ्यास एकत्र करून हिशोब मांडते, त्यांच्या २०२३ च्या हिशोबात काहीच औषध न घेता सोडणाऱ्या १०० जणांपैकी साधारण ६ जणांची सहा महिन्यांनंतरही सुटलेली राहते, नुसता पॅच (अंगाला चिकटवायची निकोटीनची पट्टी) किंवा नुसती निकोटीन गम घेतली तर ८-९, ब्युप्रोपिऑन नावाच्या गोळीचंही जवळपास तेवढंच, पॅच आणि गम सोबत घेतले तर १२ आणि व्हॅरेनिक्लिन गोळीनं १४. म्हणजे व्हॅरेनिक्लिन वर आहे हे खरं, पण हे आकडे कोर्स नीट घेण्याचे आहेत, आणि तिथंच आपल्याकडं सगळं बिघडायलंय.

सगळ्यात जास्त चूक गमची. इकडं तंबाखूचा बार गालात धरून ठेवायची सवय कितीतरी जणांना आहे, पण गम दिली की तेच लोक ती कचाकचा चावून मोकळे होतात. मग निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, रक्तात फार थोडं पोचतं, वरून उचकी आणि छातीत जळजळ, आणि दोन दिवसांनी येऊन म्हणतात गम डुप्लिकेट होती. अहो मामा, ती हळूहळू चावायची, तिखट-झिणझिण्या लागल्या की गाल आणि हिरडीच्या मधी दाबून ठेवायची, झिणझिण्या कमी झाल्या की परत थोडी चावायची, असं अर्धा तास. आणि चहाचा घोट घेत घेत गम चघळू नका, चहा, कॉफी, कोल्ड्रिंकनं निकोटीन तोंडात शोषलं जात नाही, आधी १५ मिनिटं तरी काही पिऊ नका.

दुसरं म्हणजे कंजूषी. तलफ अगदी सहन होईना झाली की दिवसात दोन गम, एवढ्यानं काय होणार? पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासाला एक लागते. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर २ मिलिग्रॅम कमी पडते, ४ ची लागते, त्याला डॉक्टरची चिठ्ठी घ्या. "गममधी पण निकोटीनच, मग फरक काय" असं लई जण विचारतात. फरक धुराचा आहे, कॅन्सर करणारं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड धुरातून येतं, गममधून नाही.

पॅचचं थोडक्यात: रोज जागा बदला, आणि आपल्या मे महिन्यात घामानं तो सुटतो म्हणून आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करूनच लावा.

व्हॅरेनिक्लिन डॉक्टरच देतील. ज्या दिवशी सिगारेट बंद त्याच दिवशी गोळी चालू, ही चूक करू नका, गोळी आठवडाभर आधी चालू करायची, पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, मग सातव्या दिवसापर्यंत दोनदा, आठव्यापासून १ मिलिग्रॅम दोनदा. उपाशीपोटी घेतली की मळमळ होते आणि माणूस सोडून देतो, जेवून वर ग्लासभर पाणी प्या. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला आधीच सांगा. आणि तिसऱ्या आठवड्यात "सुटली की" म्हणून बंद करू नका, कोर्स १२ आठवड्यांचा आहे. डोक्यावर परिणाम होतो अशी भीती अजून घालतात, पण २०१६ मधी ८,००० पेक्षा जास्त लोकांवरच्या ईगल्स अभ्यासात तसा ठळक फरक दिसला नाही आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) गोळीवरची सगळ्यात कडक वॉर्निंग काढून टाकली.

ब्युप्रोपिऑन फिट येणाऱ्यांनी घेऊ नये, आणि दिवसातली दुसरी गोळी झोपायच्या तोंडावर घेतली तर रात्रभर झोप नाही.

मधीच एखाद्या लग्नात एक ओढली तर सगळं गेलं म्हणून पॅच काढून फेकणारे मी बघितलेत, फार वाईट वाटतं. औषध थांबवू नका, दुसऱ्या दिवशी तोच डोस पुढं चालू ठेवा, आणि लागलंच तर १८००-११-२३५६ या सरकारी क्विटलाइनवर (तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन) फुकट फोन लावा.