लैंगिक संसर्गाची तपासणी : कोणती, कधी आणि कशी करून घ्यावी

‘सगळ्या टेस्ट लिहून द्या’ एवढे सांगून लैंगिक संसर्गाची तपासणी पूर्ण होत नाही, कारण सर्व संसर्ग एकदम दाखवणारी एकच चाचणी उपलब्ध नाही. एचआयव्ही, उपदंश म्हणजेच सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी हे रक्तातून कळतात. परमा म्हणजेच गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे लघवीच्या किंवा स्वॅबच्या, म्हणजे कापूस लावलेल्या काडीने त्या जागेवरून घेतलेल्या, नमुन्यातून कळतात. आणि गुप्तांगावरच्या चामखिळी यांपैकी कशातूनही कळत नाहीत, त्या जाणकार डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहूनच ओळखाव्या लागतात. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निश्चिंत झालेली, पण चामखीळ मात्र संकोचापायी कोणालाही न दाखवलेली माणसे पुष्कळ असतात, आणि हे लिहिताना ती माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

या चामखिळी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येतात. त्याचे 200हून अधिक प्रकार असून गुप्तांगावरच्या सुमारे 90 टक्के चामखिळींना 6 आणि 11 हे दोन प्रकार कारणीभूत असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी प्रामुख्याने जोडलेले 16 आणि 18 हे प्रकार वेगळे आहेत, त्यामुळे चामखीळ दिसली म्हणजे कर्करोग होणार, असा अर्थ काढू नये. सुरुवातीला बोटाला जाणवेल न जाणवेल असा त्वचेच्या रंगाचा बारीक खरखरीत दाणा असतो. पुढे असे अनेक दाणे एकत्र येऊन कोंबड्याच्या तुऱ्यासारखा मऊ पुंजका दिसू लागतो. बहुधा दुखत नाही, कधी खाज सुटते. मात्र लिंगाच्या टोकाभोवती एका रांगेत असणारे मोत्यासारखे बारीक दाणे किंवा त्वचेतील तैलग्रंथींचे पिवळसर ठिपके पूर्णपणे नैसर्गिक असतात, आणि उलटपक्षी सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात उठणारे चपटे, ओलसर उंचवटे चामखिळींसारखेच भासू शकतात. आरशात पाहून किंवा इंटरनेटवरील छायाचित्रांशी ताडून स्वतःच निदान करू नये, ते याचसाठी.

त्वचारोग व गुप्तरोगतज्ज्ञांकडे जावे. स्त्रियांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले तरी चालते. तपासणीला बहुधा काही मिनिटे लागतात. डॉक्टर हातमोजे घालून चांगल्या उजेडात जांघा, गुप्तांग आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा पाहतात, गरज वाटल्यास भिंग वापरतात. स्त्रियांमध्ये स्पेक्युलम नावाचे साधन घालून योनीची आतली बाजू आणि गर्भाशयमुखही पाहता येते. तपासणीच्या वेळी सोबत कोणी असावे असे वाटत असेल, तर तसे निःसंकोच सांगावे. गाठ काळपट असेल, तिच्यातून रक्त येत असेल, जखम झाली असेल किंवा उपचारांना दाद देत नसेल, तर बायोप्सी करतात, म्हणजे जागा बधिर करून तिचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. जाण्यापूर्वी त्या जागेचे केस काढू नयेत, आणि हातापायांच्या चामखिळींसाठी दुकानात मिळणारे औषध तर तेथे मुळीच लावू नये, कारण गुप्तांगाची नाजूक त्वचा त्याने भाजते आणि मग मूळ खूण ओळखणेही अवघड होते.

डॉक्टरांसमोर बसल्यावर मुख्य अडचण भाषेची असते. ‘खाली थोडा त्रास आहे’ असे मोघम बोलण्यापेक्षा ‘गुप्तांगावर दोन महिन्यांपासून पुळ्यांसारखे काहीतरी आले आहे आणि मला लैंगिक संसर्गाची तपासणी करायची आहे’ असे एक वाक्य घरूनच ठरवून न्यावे. शेवटचा असुरक्षित संबंध केव्हा आला आणि तो योनिमार्गे, गुदमार्गे की मुखावाटे होता, हेही सांगावे लागते. प्रश्न खाजगी वाटला तरी त्याला कारण आहे : घशातील किंवा गुदाशयातील परमा लघवीच्या तपासणीत सापडत नाही, त्या त्या जागेचाच स्वॅब घ्यावा लागतो.

तपासणी कधी करावी, याला फार महत्त्व आहे. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तर तिच्यावरून काहीच ठरत नाही. क्लॅमिडिया आणि परमा यांसाठी साधारण दोन आठवडे थांबावे. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची एचआयव्ही चाचणी (जी प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने संसर्गाविरुद्ध तयार केलेली प्रथिने, आणि विषाणूचा अंश असे दोन्ही शोधते) बहुधा 18 ते 45 दिवसांत संसर्ग पकडते, तर केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट चाचणीला 90 दिवसांपर्यंत अवधी लागू शकतो. सिफिलिसची पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. चामखिळी दिसायला कित्येक आठवडे, महिने, कधी वर्षेही लागतात. त्रास होत असेल, तर मात्र यांपैकी कोणत्याही मुदतीची वाट न पाहता लगेच जावे. आणि एचआयव्हीचा धोका असलेला संबंध नुकताच आला असेल, तर प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आतच सुरू करावी लागतात, तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रक्तासाठी उपाशी राहावे लागत नाही. लघवीचा नमुना देण्यापूर्वी किमान एक तास लघवीला जाऊ नये आणि पहिल्याच धारेची लघवी डबीत घ्यावी. इतर तपासण्यांसाठी मधली धार घेण्याची सवय असल्याने येथे हमखास चूक होते. स्त्रियांसाठी योनीतील स्वॅब लघवीपेक्षा अधिक भरवशाचा असतो आणि तो स्वतःलाही घेता येतो. उरलेली अँटिबायोटिक गोळी आदल्या दिवशी घेऊन जाऊ नये. तिने संसर्ग बरा न होता केवळ चाचणीत लपू शकतो.

रिपोर्ट हाती आल्यावर काय तपासले, हे नावानिशी वाचावे. व्हीडीआरएल ही सिफिलिसची प्राथमिक चाचणी असून गरोदरपणात किंवा इतर काही आजारांतही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून टीपीएचएसारख्या दुसऱ्या चाचणीने खात्री केल्याशिवाय स्वतःला रोगी ठरवू नये. एचपीव्ही चाचणी गर्भाशयमुखातील कर्करोगाला कारण ठरणारे प्रकार शोधते. ती चामखिळींसाठी नाही, आणि पुरुषांसाठी तशी नेहमीची चाचणीही नाही. चामखिळी आलेल्या स्त्रीने गर्भाशयमुखाची तपासणी तिच्या वयाला ठरलेल्या अंतराने करत राहावी, त्याहून वारंवार करण्याचे कारण नाही.

राहता राहिला जोडीदाराचा प्रश्न. चामखिळींचा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे काहीही न दाखवता राहू शकतो, त्यामुळे आज दिसलेल्या चामखिळीवरून तो कोणाकडून आणि केव्हा आला हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत, आणि ती कोणाच्या बेइमानीचा पुरावा ठरत नाही. ‘मला हे निघाले आहे, तूही एकदा दाखवून घे’ इतके सांगणे पुरेसे असते. दोघांनी एकाच दिवशी गेले तरी हरकत नाही. फक्त प्रत्येकाला आधी एकट्याने बोलू द्यावे, अशी विनंती डॉक्टरांना करावी.