दशांश काढायचा कसा, आणि उरलेल्या नऊ भागांचं काय

पगार झाला की दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देवासाठी काढायचा हे आपल्या ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानावर असतं, पण कधी काढायचा, कसा काढायचा आणि मन कुरकुरत असेल तर काय करायचं हे कोणी बसून सांगत नाही, म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट पैशाची नाहीच. बायबलमधला याकोब घरातून पळून हारान गावाला निघाला होता, उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपला, स्वप्नात शिडी दिसली आणि देव त्याच्याशी बोलला. सकाळी उठून त्यानं तोच दगड उभा केला, त्यावर तेल ओतलं, जागेला बेथेल म्हणाला आणि मग नवस केला, की तू मला जे देशील त्याचा दहावा भाग तुला देईन. दशांश द्या म्हणून सांगणारं मोशेचं नियमशास्त्र अजून आलंही नव्हतं! आधी भेट झाली, देणं मागाहून आलं. म्हणून महिनाअखेरीला एक वही घेऊन बसा आणि या महिन्यात देव कुठं भेटला ते लिहा, अगदी साधंसुधं. माझ्या वहीत एका पानावर फक्त एवढंच आहे, 'आईचा रिपोर्ट आला, गाठ साधी निघाली, रिक्षात रडले.' त्या महिन्यात पाकिटात पैसे घालताना हिशोब जड गेला नाही.

मग पगार जमा होईल त्याच दिवशी भाग बाजूला काढा, २५,००० आले तर २,५००. पाकिटात ठेवा नाहीतर वेगळ्या खात्यात टाका. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात हेच सांगितलं होतं, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याच्या त्याच्या मिळकतीप्रमाणे काढून ठेवा. किराणा, हप्ते, मुलांची फी झाल्यावर उरेल ते देऊ म्हटलं तर काही उरत नाही, हे मी वर्षानुवर्षं करून बघितलंय. आणि नवरा-बायकोनं आकडा मिळून ठरवा, एकानं परस्पर दिलं की घरात धुसफूस होते.

आता जरा अवघड भाग. देणं द्यायच्या आधी देणी बघा. जकातदार जक्कयाच्या घरी येशू गेला तेव्हा जक्कय नुसतं अर्धं धन गरिबांना देतो म्हणून थांबला नाही, ज्याचं लुबाडलंय त्याला चौपट परत करतो म्हणाला. एका डिसेंबरमध्ये आम्ही नाताळचं भरघोस अर्पण काढलं आणि घरकामाच्या मावशींचे दोन महिन्यांचे पैसे थकलेले होते. रविवारी चर्चमध्ये अर्पणाची थैली माझ्यासमोर आली आणि हात पुढे जाईना. घरी जाऊन आधी त्यांचे पैसे दिले, माफी मागितली, मग पुढच्या रविवारी अर्पण केलं. उधारी, भाडं, कामवाल्यांचा पगार, हे सगळं कारभारीपणातच येतं, कारण उरलेले नऊ भागही आपले नाहीत, आपण फक्त सांभाळणारे.

नोकरी गेली असेल, कर्ज असेल तर लाजू नका. गरीब विधवेनं मंदिरात टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, येशूनं पाहिल्याच की. कर्ज काढून मात्र देऊ नका, आणि 'एवढे द्या, देव दुप्पट देईल' असं कोणी सांगत असेल तर तिथून सरळ उठा, ते उपकारस्मरण नव्हे, सौदा आहे.

रोख जमत नसेल तर मिझोरामच्या बायकांचं बघा, तिथं स्वयंपाक करताना दरवेळी मूठभर तांदूळ देवासाठी वेगळे काढतात आणि ते तांदूळ विकून मंडळीचं, म्हणजे चर्चचं, काम चालतं. आमच्याकडे ओट्यावर एक स्टीलचा डबा आहे, धाकटीची मूठ छोटी पडते म्हणून ती दोनदा टाकते.

मंडळीत दिलेल्याची पावती घ्या, वार्षिक सभेत हिशोब विचारा, त्यात अविश्वास काही नाही.

आणि हार्वेस्ट फेस्टिव्हलला, म्हणजे चर्चमधल्या सुगीच्या सणाला, जमेल ते घरचं न्या, तिथं त्याचा लिलाव होतो, कढीपत्त्याची जुडी का असेना. आमच्याकडे एकदा एका आजींनी सहा अंडी आणलेली, लिलावात ज्यानं घेतली त्यानं ती परत टेबलावर ठेवली, पुन्हा बोली लागली, पुन्हा परत आली, आजी पहिल्या बाकावर पदरानं डोळे पुसत बसलेल्या. जाताना सुटे पैसे घेऊन जा आणि एखादी बोली मुलांना लावू द्या.