नोकरी सोडून सेमिनरीत (ख्रिस्ती पाळकांच्या विद्यालयात) जाऊ पाहणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यातली चर्चच्या तरुण संघाची शिबिरं आटोपली की दोन-तीन जण हमखास भेटायला येतात. कुणी बँकेत असतं, कुणी हिंजवडीला आयटीत. "पाळकसाहेब, पूर्णवेळ सेवेत यायचंय, पण पगाराचं काय?" मीही हिशेबखात्यातली कायम नोकरी सोडून या वाटेला लागलो. तेव्हा या मुलांना जे बोलतो तेच इथे लिहितो.

आधी पाचारणाची, म्हणजे देवानेच या सेवेला बोलावलंय याची, खात्री करा. शिबिराच्या शेवटच्या रात्री गीतं चालू असताना हात वर करणं सोपं असतं. पुढच्या सहा-आठ महिन्यांत काय होतं ते बघा. दमून घरी आल्यावरही वचन, म्हणजे बायबल, उघडावंसं वाटतं का? कुणी न सांगता आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसता का? साहेबाच्या जाचाला कंटाळून सेवेत येऊ नका, कारण इथेही जाच करणारी माणसं भेटतात. मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, वडीलधाऱ्यांना विचारा, ते तुम्हाला लहानपणापासून बघत आलेत. सेमिनरी मंडळीचं शिफारसपत्र मागते ते याचसाठी.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. डोक्यावर कर्ज असेल तर ते फेडूनच या. आईवडील तुमच्या पगारावर असतील तर त्यांची सोय लावा. विश्वासाने चालायचं म्हणजे देणेकऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं, असं शास्त्रात कुठेही नाही.

लग्न झालेलं असेल तर मात्र इथे थांबा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून संन्यास पत्करला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. आपण सगळे ते अभिमानाने सांगतो, मलाही त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण त्यांच्या हातात पैसा कधी टिकला नाही आणि त्या घराचा गाडा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी कसा ओढला, हे त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर कळतं. सेवेत येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी ते वाचायला लावतो. त्याग एकाने ठरवायचा आणि निभावायचा दोघांनी, असं होऊ देऊ नका. बायकोचं मन तयार नसेल तर वर्षभर थांबलात म्हणून काही बिघडत नाही. प्रभू तिच्याशीही बोलतो.

आता अभ्यासाचं. आपल्याकडच्या बऱ्याच सेमिनऱ्यांचा बी.डी.चा (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी या पदवीचा) अभ्यासक्रम बंगालमधल्या सेरामपूरच्या सेनेटशी, म्हणजे पदवी देणाऱ्या मंडळाशी, जोडलेला आहे. हे सेरामपूर म्हणजे कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये काढलेलं कॉलेज. तेव्हा सेरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होतं; १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे; ती १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. जुना करार, नवा करार, ईश्वरविज्ञान, मंडळीचा इतिहास, समुपदेशन, संदेश तयार करणं असे विषय असतात. बहुतेक शिकवणं इंग्रजीत चालतं. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं वर्ष जड जातं, पण वाचनाची बैठक असेल तर जमतं. ग्रीक आणि हिब्रू टाळायच्या नादी लागू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा व्याप सांभाळून या दोन्ही भाषा शिकून घेतल्या आणि सबंध पवित्र शास्त्र मुळातून मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, त्याआधी त्यांनी ते काम पुरं केलं होतं.

आणि आता मला खरं जे सांगायचंय ते. पगार सोडला की जग सुटलं, असं समजून पोरं सेमिनरीत येतात. नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय नीट वाचा. ख्रिस्तापुढे केरकचरा म्हणून प्रेषित पौलाने जे टाकलं, त्या यादीत पैसा नाहीच. इस्राएली वंश, बन्यामिनाचं कूळ, परुशीपण, नियमशास्त्रातली निर्दोष वागणूक, असा सगळा धार्मिक मानमरातब त्यात आहे. सेमिनरीत नेमका हाच पुन्हा चालून येतो: वर्गात पहिला नंबर, परदेशी स्कॉलरशिप, मोठ्या शहरातली मंडळी, नावामागे 'डॉक्टर'. यातलं काहीच वाईट नाही. पण ते मिळालं नाही म्हणून रात्री झोप उडत असेल, तर आपली संपत्ती कुठे साठते आहे ते आपल्यालाच कळतं. म्हणून पहिल्याच आठवड्यापासून पहाटेची प्रार्थना अभ्यासापासून वेगळी ठेवा. परीक्षेसाठी वाचलेला अध्याय आणि प्रभूच्या पायाशी बसून वाचलेला अध्याय एकात धरू नका. परीक्षा जवळ आली की हीच वेळ आधी बळी जाते.

नेमणूक झाल्यावर पाकिटं येतात. नव्या फ्लॅटची प्रार्थना झाली की चहा होतो आणि निघताना यजमान बायबलमध्ये हळूच पाकीट सरकवतात. ते प्रेमाने देतात, त्यात गैर काही नाही. पण त्याच संध्याकाळी पत्र्याच्या खोलीतून कुणाचा तरी निरोप आलेला असतो. म्हणून खिशात छोटी वही ठेवा आणि निरोप आला त्या क्रमाने नाव लिहा. ज्याचं नाव आधी, त्याच्याकडे आधी जायचं, मग तो डॉक्टर असो की हमाल. मी वर्षानुवर्षं तेच करतो. आमच्या मंडळीत एक आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, दिसतही नाही. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) रविवारी उपासना झाली की मी त्यांच्याकडे जातो. भाकरीचा तुकडा हातावर ठेवला की त्या दोन्ही हातांनी तो धरतात आणि आधी कपाळाला लावतात. या भेटी वार्षिक अहवालात मोजल्या जात नाहीत. माझी सेवा मला तिथेच सर्वांत खरी वाटते.

हे सगळं वाचून नोकरी सोडावीशी वाटली नाही, तर ओशाळू नका. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवत होता आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलत होता. आज गावोगावच्या कितीतरी लहान मंडळ्या नोकरी करणाऱ्या माणसांवर उभ्या आहेत. काही संस्थांत ईश्वरविज्ञान घरबसल्या शिकायचीही सोय असते. आधी त्याची माहिती काढा, एखादा विषय घेऊन पाहा आणि पुढचा अर्ज मंडळीच्या सल्ल्याने भरा.