पोरगं चिडचिड करतंय? घरच्यांनी या चुका टाळा

नैराश्य म्हटलं की कोपऱ्यात बसून रडणारं मूल डोळ्यांसमोर येतं. पहिली चूक इथेच होते. किशोरवयात उदासीपेक्षा चिडचिडच जास्त दिसते. डबा तसाच परत येतो, रात्री झोप लागत नाही, पोट दुखतं पण तपासणीत काही निघत नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला सगळ्यांच्या आधी तयार होणारा पोरगा "तुम्ही जा, मला नाही यायचं" म्हणतो. असं दोन आठवडे जवळपास रोज चाललं, तर 'वयच तसलं' म्हणून सोडू नका.

"माझा सगळ्यांना त्रासच आहे" हे बोलणं धमकी नसतं, धोक्याची खूण असते. आवडत्या वस्तू वाटून टाकणंही तसंच. फार अस्वस्थ असलेलं मूल एकाएकी शांत झालं, तर निर्धास्त होऊ नका.

जीव देण्याबद्दल विचारलं तर नको ते डोक्यात भरेल, ही भीती खरी नाही. उलट मूल मोकळं होतं. मात्र दोन खोल्यांच्या घरात आजी-आत्यासमोर कुणी बोलत नाही. संध्याकाळी होम मैदानावर फेरी मारा. शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही. मग सरळ विचारा, "जीव द्यावा असं वाटतं का रे?" हो म्हणाला, तर "काही ठरवलंयस का?" हेही विचारा. "तुला काय कमी केलंय आम्ही?" हे मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. "सांगितलंस, बरं झालं" एवढं पुरे. कुणाला सांगणार नाही, असं वचनही देऊ नका.

सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते घरातल्या औषधांकडे. द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीचं औषध, आजीच्या गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. फवारणीचं औषध घराबाहेर हलवता आलं तर फारच चांगलं. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बहुतेकदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्यात हाताशी काही नसलं, तर मूल वाचतं. दहावी-बारावीच्या निकालादिवशी तर त्याला एकटं सोडूच नका.

उतारा-अंगाऱ्यात आठवडे घालवण्यापेक्षा सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत न्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीला काही मुलांची बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. तसं झालं, तर लगेच डॉक्टरांना कळवा. बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत, चोवीस तास चालतो. मराठीसोबत तेलुगू, कन्नडमध्येही बोलता येतं, त्यामुळे शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजीलाही फोन लावता येईल.

पोलीस केस होईल म्हणून आत्महत्येचा प्रयत्न लपवणारी घरं आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 115 असं मानतं की, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता. त्याला शिक्षा होत नाही. मुलानं काही विषारी किंवा गोळ्या घेतल्याचा संशय आला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.