इन्सरेक्शन टाकताय? आधी या चुका टाळा

दर रविवारी दुपारी गंगापूर रोडला एका मित्राच्या घरी मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळातल्या कमांडर प्रकाराचं आमचं टेबल बसतं. चौघं जण, प्रत्येकाचा 100 कार्डांचा डेक, प्रत्येकी 40 लाईफ; ते शून्य झालं की गडी बाद. हल्ली नव्या पोरांच्या डेकमध्ये मॅजिकचं एक कार्ड हमखास निघतं: इन्सरेक्शन. 2002 च्या ऑनस्लॉट सेटमधलं, आठ मानाचं (माना म्हणजे कार्ड टाकायला लागणारी ऊर्जा) लाल सॉर्सरी, म्हणजे मंत्राचं कार्ड. टेबलावरची सगळी क्रीचर्स, म्हणजे लढणारी कार्डं, अनटॅप होतात (वापरलेलं कार्ड आडवं करणं म्हणजे टॅप, पुन्हा उभं करणं म्हणजे अनटॅप), टर्न संपेपर्यंत तुमची होतात, त्यांना हेस्ट मिळते, म्हणजे लगेच हल्ला करता येतो. कुणीतरी मिनिटभराची क्लिप पाहतो आणि कार्ड डेकमध्ये घालतो. कार्डावरच्या दोन ओळी नीट वाचायचा धीर मात्र नसतो, आणि याचाच मला राग येतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे हल्ला तिघांत वाटून टाकणं. गेल्या पावसाळ्यात कॉलेजातल्या एका मुलाने हे माझ्यासमोर केलं. सगळी क्रीचर्स त्याच्या ताब्यात, एकूण पॉवर, म्हणजे हल्ल्यात करता येणारं डॅमेज, 61. आम्हा तिघांचे लाईफ 38, 31 आणि 27. अडवायला कुणाकडे काही उरलेलं नव्हतं. 31 आणि 27 मिळून 58, म्हणजे दोघं तिथेच संपले असते. त्याने "सगळ्यांना थोडं थोडं" म्हणत 20, 20 आणि 21 असं वाटलं. मेलं कुणीच नाही. टर्न संपताच सगळं सैन्य आपापल्या मालकाकडे गेलं, तेही टॅप झालेलं. पुढचा टर्न 6 लाईफवर उरलेल्या गड्याचा. त्याने स्वतःची क्रीचर्स अनटॅप केली आणि थेट त्या मुलावर सोडली. मुलाची स्वतःची क्रीचर्स हल्ल्यात टॅप झालेली, अडवणार कोण?

म्हणून मी हातात वही ठेवतो. कार्ड टाकण्याआधी प्रत्येकाचे लाईफ लिहितो, पॉवरची बेरीज दोनदा करतो, कुणाची निळी लँड्स (माना देणारी कार्डं) अनटॅप आहेत ते बघतो, कारण निळ्या मानाने आपलं कार्ड रद्द होऊ शकतं. एकही जण मरत नसेल आणि खाली सांगतो ती सोयही नसेल, तर कार्ड हातातच राहतं. बेरजेत फर्स्ट स्ट्राईकही धरा, म्हणजे इतरांच्या आधी डॅमेज करणारी क्रीचर्स. त्या डॅमेजने एखादा आधीच मेला, तर त्याच्या मालकीची कार्डं त्याच्यासोबत खेळाबाहेर जातात आणि तुमचे उरलेले हल्लेखोर कमी होतात.

दुसरी चूक, क्रीचर्स जशीच्या तशी परत करणं. उसने बैल संध्याकाळी परत जाणारच, पण इथे ते परत न करायची सोय आहे. माझ्या लाल डेकमध्ये गॉब्लिन बॉम्बार्डमेंट हे कार्ड असतंच. लढाई झाली की एकेक क्रीचर सॅक्रिफाईस करायचं (बळी द्यायचं), प्रत्येकामागे एक डॅमेज. कार्ड त्याच्या मालकाच्याच ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात, जातं, पण पुढच्या टर्नला ते तुमच्यावर चालून येत नाही. पोरं "माझं झालं" म्हणतात आणि मग आठवतं. मी तरी तेव्हा मागे जाऊ देत नाही.

इन्सरेक्शन सेकंड मेन फेजमध्ये टाकू नका, लढाई होऊन गेलेली असते.

माना देणारी आपली क्रीचर्स आधी टॅप करून आठ माना जमवा. इन्सरेक्शन त्यांनाही अनटॅप करतं, मग त्यांनाही हल्ल्यात घ्या.

हेक्सप्रूफला, म्हणजे विरोधकाला टार्गेट करता न येणाऱ्या क्रीचरला, घाबरू नका. इन्सरेक्शन एखादं क्रीचर नेमून टार्गेट करत नाही. एकच क्रीचर टर्नपुरतं घेणारं तीन मानाचं अ‍ॅक्ट ऑफ ट्रीझन टार्गेट करतं, तिथे मात्र अडतं.

कुणाचा कमांडर (डेकचं मुख्य क्रीचर) हाती आला तर 21 चा हिशेब विसरू नका: एकाच कमांडरकडून लढाईत 21 डॅमेज झालं की गडी बाद. तो कमांडर खुद्द त्याच्या मालकावर चालवला तरी ते डॅमेज मोजलं जातं.

आणि दुसऱ्याची कार्डं आपल्या ओळीत मिसळू नका. आमच्यातल्या दोघांच्या कार्डांचे स्लीव्ह (कव्हरं) काळेच आहेत. एकदा एकाचं कार्ड दुसऱ्याच्या डेकमध्ये शफल होऊन गेलं आणि आठवडाभराने सापडलं. तेव्हापासून मी उसनी कार्डं मालकाला सुलट दिसतील अशी फिरवून ठेवतो.