पेरूत 28 जुलैला फिरताय? वाहन आणि सुटे पैसे आधी बघा

28 आणि 29 जुलै हे पेरूचे राष्ट्रीय सुट्टीचे दिवस. शाळांनाही त्याच सुमारास सुट्टी, त्यामुळे अख्खा देश प्रवासात असतो. कुस्कोजवळच्या उरुबांबा खोऱ्यात जायचं तर 27 ची संध्याकाळ टाळा.

कुस्कोहून खोऱ्यातल्या ओयांतायतांबो गावाला जाणाऱ्या शेअर व्हॅन पावितोस रस्त्यावरून सुटतात, पिसाक गावाच्या पुपुटी रस्त्यावरून. कारभार आपल्या वडापसारखा: गाडी भरली की सुटते. म्हणून सकाळी सातच्या आत पोचा. बसण्याआधी भाडं विचारून घ्या. सुट्टीत ते वाढतं आणि उतरताना घासाघीस चालत नाही. मिरवणुकीमुळे चौक बंद असेल तर गाडी गावाबाहेरच सोडते, तेव्हा सामान पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल एवढंच ठेवा.

रोख रक्कम कुस्कोतच काढा. गावातली मोजकी एटीएम सुट्टीत रिकामी होतात. 10 आणि 20 सोलच्या (पेरूचं चलन) नोटा हव्यात, 100 ची नोट कोपऱ्यावरची दुकानदारीण सरळ परत करते. माचू पिचूची ट्रेन आणि प्रवेश मात्र काही महिने आधीच. ऐनवेळी मिळण्याच्या भरवशावर जाऊ नका.

पहिला मुक्काम कुस्कोत (सुमारे 3,400 मीटर) न करता खाली ओयांतायतांबोत (सुमारे 2,800) केला तर उंचीमुळे होणारी डोकेदुखी कमी होते. जुलैत दुपारी ऊन, रात्री कडाक्याची थंडी.

शाकाहारींनी नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणू नये, ताटात कोंबडी येते. ‘सिन पोयो’ही (कोंबडी नको) जोडा, आणि सूप टाळा, त्याचं पाणी बहुधा हाडांचंच असतं.