एक्सिलेटर दिला की गाडी "कूंऽऽ" करते? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

संकेश्वरकडून बेळगावला येताना वंटमुरी घाटाची चढण लागली, तिसरा गिअर टाकून एक्सिलेटर दाबला आणि बॉनेटखालून बारीक "कूंऽऽ" असा सूर निघाला. पाय दाबला की सूर वर, सोडला की खाली. एका गॅरेजमध्ये आवाज ऐकल्या ऐकल्या "गिअरबॉक्स गेला" म्हणाले आणि उतरवलाही. आवाज होता तसाच राहिला. दोष शेवटी बेल्टवरच्या एका लहान पुलीच्या बेअरिंगमध्ये सापडला. त्यानंतर मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत आलोय: पाना हातात घेण्याआधी एवढं पक्कं करा की आवाज इंजिनाबरोबर चढतो की चाकांबरोबर.

आधी उभ्या गाडीत ऐका

मोकळ्या जागेत गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये हळूहळू 2500 ते 3000 आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) एक्सिलेटर द्या. तोच आवाज आला तर चाकं आणि डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारे गिअर) यांचा संबंध नाही. आता क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगवर (क्लच दाबल्यावर भार घेणारं बेअरिंग) संशय घ्या. दाबल्यावर बंद होत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचकडून आत जाणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग. क्लचने काहीच फरक पडत नसेल तर आवाज इंजिनाच्या बाजूचा आहे.

मग चालवून

सकाळी लवकर, वर्दळ नसलेला सरळ रस्ता गाठा. ताशी 50 च्या आसपास वेग आला की क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये सोडा. इंजिन मात्र बंद करू नका, ब्रेक जड होतो आणि स्टेअरिंगही अडकू शकतं. इंजिनाचे फेरे उतरले तरी आवाज तसाच चालू राहिला तर तो चाकांच्या बाजूचा. एक्सिलेटरवर पाय असतानाच येतो, पाय काढला की त्याच वेगात नाहीसा होतो, आणि उभ्या गाडीत ऐकूच येत नाही, असं असेल तर गिअरचे दात किंवा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी) बघायला हवं. बोलेरो, सुमोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हा सूर मागच्या सीटखालून येतो. रिव्हर्समध्ये बहुतेक गाड्या कण्हतात, त्याला घाबरू नका. त्या गिअरचे दात सहसा सरळ कापलेले असतात.

बेल्टची बाजू

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा दोष इथंच असतो आणि खर्चही इथंच कमी येतो, म्हणून सुरुवात इथून करा. इंजिन बंद, थंड. बेल्टला भेगा आहेत का, कडा झिजल्यात का बघा. बेल्ट काढता येत असेल तर काढून आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली), टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी), अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपाची पुली एकेक करून हाताने फिरवा. चांगली पुली गुळगुळीत फिरते. खरखर लागली किंवा बाजूला हलली तर चोर सापडला. खात्री करायची असेल तर बेल्टशिवाय इंजिन अर्धा मिनिट चालवून बघा, त्याहून जास्त नको. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन तापतं. बेल्ट चढवल्यावर इंजिन चालू असताना शर्टाची बाही, ओढणी, साडीचा पदर जवळ जाऊ देऊ नका.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, 6203 असा काहीतरी. तो घेऊन गेलात तर दुकानदाराला दुसरं काही विचारावं लागत नाही. पुली लोखंडी असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीनशॉपमध्ये प्रेसवर नवं बेअरिंग बसवून मिळू शकतं. प्लास्टिकची असेल तर पुली आख्खीच बदला.

स्टेअरिंग वळवताना आवाज वाढतो का? तर हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगचं तेल बघा. पातळी कमी किंवा तेलात फेस असेल तर पंप हवा ओढतोय. गळती शोधा, नुसतं तेल भरून भागत नाही. इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या गाडीत हे तेलच नसतं.

टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेल गाडीत त्याची हलकी शिट्टी असतेच. पण ती अचानक सायरनसारखी झाली, चढणीला ताकद कमी पडली आणि काळा धूर येऊ लागला, तर इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) होज फाटलाय किंवा क्लॅम्प सैल झालाय. जोडावर तेलाचा ओलावा दिसेल. निळा धूर येत असेल तर गाडी चालवूच नका.

गिअर ऑइल आणि चाकं

गिअर ऑइल बदलताना भरायचा बोल्ट आधी सोडवा, मग खालचा. उलट केलंत आणि वरचा सुटलाच नाही तर तेल गेलेलं आणि गाडी जागेवर अडकलेली. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप असणं ठीक, पण कपचे सापडले तर गिअरबॉक्स खोलावाच लागतो. तेल दुधासारखं झालं असेल तर आत पाणी शिरलंय. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढलेल्यांनी हे जरूर तपासावं. ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात असेल तोच घ्या. जीएल-4 आणि जीएल-5 हे गिअर ऑइलचे दर्जे; जीएल-4 सांगितलं असताना जीएल-5 ओतलं तर काही गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) खराब होतात.

चाकाचं बेअरिंग पाण्यानंच लवकर जातं. त्याचा आवाज शिट्टीसारखा नसून घरघर असते. धावत्या गाडीत हळुवार उजवीकडे वळताना घरघर वाढली तर डावं चाक, डावीकडे वळताना वाढली तर उजवं, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. मग सपाट जागी गाडी उभी करा, बाकीच्या चाकांना दगड लावा, जॅकवर चढवून खाली स्टँड द्या आणि चाक वर-खाली धरून हलवा. खडखड लागली किंवा फिरवताना स्प्रिंगवर ठेवलेल्या हाताला थरथर जाणवली तर बेअरिंग बदला. टायरवरूनही तळहात फिरवा, कारण खाचखळग्यांनी उंचसखल झिजलेला टायर अगदी तसाच घरघरतो. सैल बेअरिंग घेऊन चोर्ला घाट उतरू नका, गाडी टो करून आणा.

काम बाहेर करून घ्यायचं असेल तर मेस्त्रींना शेजारी बसवून एक फेरी मारा की! मेस्त्री मराठी असोत की कानडी, कितव्या गिअरला, किती वेगाला आणि क्लच दाबल्यावर काय होतं, हे तीन मुद्दे सांगा आणि गिअरबॉक्स उतरवण्याआधी बेल्ट काढून ऐकायला लावा.